ड्यूक ऑफ हॅमिल्टन : एव्हरेस्ट ओलांडणारा उमराव आणि न बोलावलेला पाहुणा

स्कॉटलंडच्या उमरावांमध्ये पहिला मान ज्या घराण्याकडे जातो, त्या हॅमिल्टन घराण्याचे चौदावे ड्यूक डग्लस डग्लस-हॅमिल्टन (१९०३-१९७३) यांची इतिहासाने दोन कारणांनी नोंद घेतली आहे. ३ एप्रिल १९३३ रोजी त्यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावरून विमान नेले. जगातील या सर्वोच्च शिखराला माणसाने वरून पाहिले ते त्या दिवशी प्रथमच. दुसरे कारण मात्र त्यांनी स्वतः घडवलेले नव्हते. १० मे १९४१ च्या रात्री हिटलरचा पक्षातील उपनेता रुडॉल्फ हेस एकटाच विमान घेऊन स्कॉटलंडवर आला, हवाई छत्रीने खाली उतरला आणि ‘मला ड्यूक ऑफ हॅमिल्टन यांना भेटायचे आहे,’ असे सांगू लागला. पहिल्या घटनेने त्यांना कीर्ती दिली. दुसरीने जन्मभराचा संशय. सामान्य वाचकाच्या स्मरणात मात्र ही दुसरी घटनाच अधिक राहिली.

हॅमिल्टन यांचा जन्म ३ फेब्रुवारी १९०३ रोजी लंडनमध्ये झाला. ईटन आणि ऑक्सफर्डचे बॅलिअल कॉलेज या ठरलेल्या वाटेने त्यांचे शिक्षण झाले. ड्यूकच्या थोरल्या मुलाला वडिलांच्या हयातीत त्यांच्याच एखाद्या दुय्यम किताबाने ओळखण्याची तेथे प्रथा आहे; त्यानुसार १९४० पर्यंत ते ‘मार्क्वेस ऑफ डग्लस अँड क्लाइड्सडेल’ म्हणून ओळखले जात. हा किताब केवळ शिष्टाचारापुरता असतो, कायद्याच्या दृष्टीने माणूस सामान्य नागरिकच राहतो. म्हणूनच त्यांना सामान्य जनांच्या सभागृहाची निवडणूक लढविता आली आणि १९३० पासून दहा वर्षे ईस्ट रेन्फ्र्यूशायरचे खासदार म्हणून तेथे बसता आले.

उमरावाच्या मुलाकडून अपेक्षित असणारा आळस त्यांच्यात नव्हता. मुष्टियुद्धात ते स्कॉटलंडचे हौशी मिडलवेट विजेते होते. घराण्याची संपत्ती लॅनार्कशायरमधील कोळशाच्या खाणींवर उभी होती. त्या खाणींतील मजुरांचे जिणे कसे असते हे पाहण्यासाठी तरुणपणी काही काळ त्यांनी स्वतः साध्या मजुराप्रमाणे खाणीत काम केले. याच खाणींनी घराण्याचा भव्य वाडाही गिळला. खाली पोखरलेली जमीन खचू लागली, खर्चही परवडेनासा झाला आणि १९२० च्या दशकात हॅमिल्टन पॅलेस पाडण्यात आला. कुटुंबाचा मुक्काम डन्गॅवेल या पूर्वीच्या शिकारघरात हलला. म्हणजे ज्या किताबाचा दबदबा पुढे बर्लिनमधील लोकांना इतका मोठा वाटला, त्या किताबाच्या खालचा पाया अक्षरशः खचलेला होता.

त्यांचे खरे वेड विमानांचे. १९२७ मध्ये ते ग्लासगो शहराच्या ६०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. सहायक हवाई दलाची ही तुकडी नोकरी-व्यवसाय सांभाळून उड्डाण करणाऱ्या हौशी वैमानिकांची होती. १९३१ मध्ये तिचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. पुढील वर्षी एव्हरेस्टवरून विमान नेण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा मुख्य वैमानिक म्हणून त्यांची निवड झाली.

या मोहिमेचा खर्च लेडी ह्यूस्टन या धनाढ्य आणि कडव्या साम्राज्यनिष्ठ बाईंनी उचलला होता. १९३१ च्या श्नायडर करंडकाच्या शर्यतीत ब्रिटनला उतरता यावे म्हणून एक लाख पौंड देणाऱ्या त्या याच. भारतात तेव्हा सविनय कायदेभंगाची चळवळ चालू होती. हिमालयावरून ब्रिटिश विमान गेल्यास साम्राज्याच्या प्रतिष्ठेला उजाळा मिळेल, असा हिशेब या मदतीमागे होता. मोहिमेची शास्त्रीय बाजूही तितकीच खरी होती. नेपाळची दारे परदेशी गिर्यारोहकांना बंद असल्याने एव्हरेस्टची दक्षिण बाजू जवळजवळ अज्ञात होती. तिची हवाई छायाचित्रे घेऊन नकाशा करावयाचा होता.

दोन्ही मोठी विमाने जहाजाने कराचीस आणून तेथे जोडण्यात आली आणि नंतर बिहारमधील पूर्णियाजवळ लालबालू येथील धावपट्टीवर पोहोचली. येथून एव्हरेस्ट सुमारे अडीचशे किलोमीटर. वेस्टलँड कंपनीची ही दुपंखी विमाने होती. बसण्याची जागा पुढे वैमानिकासाठी उघडी, केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही. त्या उंचीवरील थंडीसाठी विजेने तापणारे पोशाख आणि श्वासासाठी प्राणवायूच्या नळ्या, एवढाच आधार. पहिल्या विमानात क्लाइड्सडेल आणि निरीक्षक कर्नल ब्लॅकर, दुसऱ्यात त्याच स्क्वाड्रनमधील सहकारी डेव्हिड मॅकिन्टायर आणि चित्रपट-छायाचित्रकार बॉनेट.

३ एप्रिलच्या सकाळी साडेआठच्या सुमारास विमाने उडाली. सपाटीवरील धुळीचा पडदा अपेक्षेपेक्षा फार उंचीपर्यंत चढलेला होता; त्याच्या वर आल्यावरच शिखरे दिसली. शिखराच्या अलीकडे वाऱ्याच्या खाली खेचणाऱ्या प्रवाहाने विमाने सुमारे दोन हजार फूट खाली लोटली. क्लाइड्सडेल यांनी मोठ्या प्रयासाने ती उंची पुन्हा मिळवली आणि दहा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास सुमारे शंभर फुटांच्या अंतराने माथा ओलांडला. मागच्या विमानात निराळेच नाट्य चालले होते. बॉनेट यांचा पाय पडून प्राणवायूची नळी फाटली. त्यांनी फाटलेल्या जागी हातरुमाल बांधला आणि ते बेशुद्ध झाले. मॅकिन्टायर यांना मागे वळून पाहावे लागले, पण परत फिरणे शक्य नव्हते. तीन तासांनी दोन्ही विमाने सुखरूप उतरली. बॉनेटही वाचले.

धुळीमुळे नकाशासाठी लागणारी उभी छायाचित्रे मात्र त्या दिवशी साधली नव्हती. विमा, इंधन, परवानगी अशा कारणांनी लंडनहून आणखी उड्डाण करू नये असे कळविण्यात आले होते. १९ एप्रिल रोजी वैमानिकांनी तो आदेश मोडून दुसरे उड्डाण केले आणि हवी ती छायाचित्रे आणली. मोहिमेचा खरा शास्त्रीय लाभ या दुसऱ्या, आज्ञाभंगाच्या उड्डाणाचा होय. ‘विंग्ज ओव्हर एव्हरेस्ट’ या नावाने या मोहिमेचा लघुपट निघाला आणि त्याला ऑस्करही मिळाले. क्लाइड्सडेल यांना हवाई दलाचे पदक मिळाले. १९३५ मध्ये मॅकिन्टायर यांच्यासह त्यांनी प्रेस्टविक येथे विमान कंपनी आणि वैमानिक प्रशिक्षणाचे केंद्र उभारले. पुढे महायुद्धात अमेरिकेतून अटलांटिक ओलांडून येणाऱ्या विमानांचे प्रेस्टविक हे मोठे ठाणे झाले, हे या दोघांच्या दूरदृष्टीचे फळ म्हणावे लागेल.

एव्हरेस्टच्या कीर्तीमुळे युरोपातील हवाई जगाचे दरवाजे त्यांना उघडले. १९३६ च्या ऑलिंपिकसाठी खासदारांचे एक शिष्टमंडळ बर्लिनला गेले, त्यात ते होते. हिटलरने दिलेल्या मेजवानीस ते हजर होते, गोरिंगची भेट झाली, जर्मन हवाई दलाची तयारी पाहण्याची संधीही त्यांनी सोडली नाही. वैमानिक आणि खासदार म्हणून ही उत्सुकता समजण्यासारखी आहे. याच दौऱ्यात त्यांची ओळख अल्ब्रेख्त हाउसहोफर या विद्वान तरुणाशी झाली आणि तीच ओळख पुढच्या सर्व घटनांचे मूळ ठरली.

हाउसहोफर यांची स्थिती विलक्षण होती. वडील कार्ल हाउसहोफर हे भूराजनीतीचे नामवंत अभ्यासक आणि रुडॉल्फ हेसचे म्युनिकमधील गुरू. आई मात्र अंशतः ज्यू वंशाची. हेसच्या संरक्षणामुळेच कुटुंब सुरक्षित होते. अल्ब्रेख्त जर्मन परराष्ट्र धोरणाचे सल्लागार होते, पण मनातून त्या राजवटीला विटलेले. १९३८ मध्ये ते डन्गॅवेल येथे पाहुणे म्हणून राहून गेले. जुलै १९३९ मध्ये त्यांनी क्लाइड्सडेल यांना एक लांब पत्र लिहून युद्ध अगदी उंबरठ्यावर आल्याचा इशारा दिला. हे पत्र क्लाइड्सडेल यांनी कपाटात दडवून ठेवले नाही. तेव्हा सत्तेबाहेर असलेल्या चर्चिल यांना, परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांना आणि पंतप्रधान चेंबरलेन यांनाही ते दाखविले. पुढे त्यांच्यावर जे आरोप झाले, त्यांचा विचार करताना ही एक गोष्ट विसरता येत नाही.

त्यांच्या बाजूने सर्वच निर्दोष होते, असे मात्र नाही. युद्ध सुरू झाल्यावर ऑक्टोबर १९३९ मध्ये ‘टाइम्स’ दैनिकात त्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. सभ्य जर्मनांशी न्याय्य तह करण्याचा दिवस उगवावा, अशी आशा त्यात होती. पोलंड गिळंकृत झाल्यानंतर अवघ्या काही दिवसांत असे लिहिणे भोळेपणाचे होते. ‘चांगल्या जर्मनां’कडे हिटलरला दूर सारण्याइतकी शक्ती आहे, या समजुतीवर त्यांचा विश्वास होता. ब्रिटनमधील अनेक सुविद्य लोकांचाही होता.

१६ मार्च १९४० रोजी वडिलांच्या निधनाने ते ड्यूक झाले. त्या क्षणी सामान्य सभागृहातील त्यांची जागा आपोआप रिकामी झाली आणि ते उमरावांच्या सभागृहाचे सदस्य बनले. हॉलीरूड राजवाड्याचे वंशपरंपरागत रक्षक हा मानही आला. त्याच वर्षी राजगृहातील ‘लॉर्ड स्टुअर्ड’ या पदावर त्यांची नेमणूक झाली. या पदावरील त्यांचे पूर्वसूरी ड्यूक ऑफ बक्लू यांना जर्मनीशी समझोत्याच्या मतांमुळेच पद सोडावे लागले होते, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. हॅमिल्टन हे संशयित असते तर त्या जागी त्यांची निवड झाली नसती.

आता बर्लिनकडून हे चित्र कसे दिसत होते ते पाहू. सप्टेंबर १९४० मध्ये हेसने ब्रिटनशी तहाचा मार्ग शोधण्यासाठी अल्ब्रेख्त हाउसहोफर यांचा सल्ला घेतला. हाउसहोफर यांनी ज्यांची नावे सुचविली त्यांत हॅमिल्टन होते : त्यांना लंडनमधील महत्त्वाच्या सर्व व्यक्तींकडे, अगदी चर्चिल आणि राजाकडेही केव्हाही जाता येते, असे त्यांचे म्हणणे. ही समजूत चुकीची होती. लॉर्ड स्टुअर्ड हे राजगृहाच्या व्यवस्थेचे नामधारी प्रमुखपद. राजाच्या कानाशी लागण्याचे नव्हे. उमरावांच्या सभागृहाचा अर्थविधेयके अडवण्याचा अधिकार १९११ मध्येच गेला होता. ज्याच्या नावाआधी इतकी बिरुदे लागतात, त्याच्या हाती सत्ता असलीच पाहिजे, असे मानणाऱ्या लोकांनी एका स्क्वाड्रनच्या माजी नायकाला ब्रिटनच्या शांततावादी पक्षाचा पुढारी ठरवले. प्रत्यक्षात असा पक्षच नव्हता. असला तरी हॅमिल्टन त्याचे पुढारी नव्हते.

२३ सप्टेंबर १९४० रोजी हाउसहोफर यांनी हॅमिल्टन यांच्या नावे पत्र लिहिले. लिस्बनसारख्या तटस्थ ठिकाणी भेटावे, असे त्यात सुचविले होते. हाउसहोफर कुटुंबाच्या परिचयाच्या एका इंग्रज स्त्रीमार्फत हे पत्र पाठवले गेले, पण ब्रिटिश सेन्सॉरने ते वाटेतच उचलले आणि गुप्तचर खात्याकडे दिले. पत्र ज्याच्या नावे होते त्याला ते मार्च १९४१ पर्यंत दिसलेही नाही. मग हवाई मंत्रालयाने त्यांना बोलावून प्रत दाखविली आणि लिस्बनला जाऊन हाउसहोफर यांना भेटावे असे सुचविले. हॅमिल्टन कचरले, परराष्ट्र खात्याला आणि वरिष्ठांना सर्व ठाऊक असल्याखेरीज आपण जाणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. हा पत्रव्यवहार संपण्यापूर्वीच हेस येऊन थडकला.

१० मे १९४१ च्या सायंकाळी हेसने आउग्सबुर्ग येथून मेसरश्मिट ११० हे दोन इंजिनांचे विमान एकट्याने उडविले. तो कुशल वैमानिक होता. रात्री दहाच्या सुमारास ब्रिटनच्या रडारवर एकटे, वेगवान विमान उमटले. विंग कमांडर हॅमिल्टन त्या वेळी एडिंबरोजवळच्या टर्नहाऊस तळावरील नियंत्रण कक्षात कर्तव्यावर होते. त्यांच्या क्षेत्रातील लढाऊ विमानांना पाठलाग करण्याचा हुकूम गेला, पण घुसखोर हाती लागला नाही. अकरा वाजून गेल्यावर विमान ईगल्शॅमजवळ कोसळल्याची बातमी आली. हॅमिल्टन यांच्या दृष्टीने ती नित्याची एक घटना होती. त्याच रात्री लंडनवर महायुद्धातील सर्वांत भीषण बॉम्बहल्ला झाला आणि ज्या सभागृहात त्यांनी दहा वर्षे काढली होती ते जळून गेले.

हेस डन्गॅवेलपासून वीसएक किलोमीटरवर उतरला. शेतमजूर डेव्हिड मॅक्लीन याने हातात दाताळे घेऊन त्याला पकडले. घोटा दुखावलेल्या त्या माणसाने आपले नाव ‘हाउप्टमान आल्फ्रेड होर्न’ असे सांगितले. होमगार्डांच्या हवाली करून त्याला ग्लासगोच्या मेरीहिल छावणीत नेण्यात आले. ११ मे रोजी सकाळी दहा वाजता हॅमिल्टन तेथे पोहोचले. कैद्याने एकांत मागितला आणि मग सांगितले : मी रुडॉल्फ हेस. आपण १९३६ मध्ये बर्लिनला भेटलो होतो, तुम्ही आमच्या घरी जेवलात. हॅमिल्टन यांना तो चेहरा ओळखू आला नाही. हेसच्या सामानात हाउसहोफर पिता-पुत्रांची कार्डे होती. आपण मानवतेच्या कार्यासाठी आलो आहोत, हिटलरला इंग्लंडचा पराभव नको, तेव्हा तुम्ही तुमच्या पक्षातील प्रमुख लोकांना एकत्र आणून तहाची बोलणी करा, असे त्याचे म्हणणे. आता या देशात एकच पक्ष उरला आहे, असे उत्तर हॅमिल्टन यांनी दिले.

पुढील घटनाक्रमात काहीसा विनोद आहे. हॅमिल्टन यांनी दूरध्वनीवरून परराष्ट्र खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याशी भेटीची वेळ मागितली. फोनवर कारण सांगता येईना, त्यामुळे दुसऱ्या बाजूस कुणालाच घाई वाटेना. अखेर पंतप्रधानांच्या खासगी सचिवाशी गाठ पडली. हॅमिल्टन स्वतः लढाऊ विमान चालवत दक्षिणेस गेले आणि रात्री ऑक्सफर्डशायरमधील डिचले या वाड्यात चर्चिल यांच्यासमोर उभे राहिले. चर्चिल यांचा विश्वास बसला नाही. त्या रात्री तेथे मार्क्स बंधूंचा विनोदी चित्रपट दाखविला जाणार होता. तो पाहून झाल्यावरच त्यांनी हॅमिल्टन यांची तीन तास झडती घेतल्यासारखी विचारपूस केली. मग बर्लिनमध्ये पूर्वी काम केलेले मुत्सद्दी आयव्होन किर्कपॅट्रिक यांना घेऊन हॅमिल्टन परत स्कॉटलंडला आले. १२ मेच्या मध्यरात्रीनंतर किर्कपॅट्रिक यांनी कैद्याची ओळख पटवली. तोवर जर्मन नभोवाणीने हेस भ्रमिष्ट झाल्याचे जाहीर केलेही होते.

बातमी फुटताच प्रश्न विचारला गेला : हेस त्यांच्याकडेच का आला? सरकारने वेळीच स्पष्ट उत्तर दिले असते तर पुष्कळ त्रास वाचला असता. पण हेसच्या उड्डाणाचा प्रचारात कसा उपयोग करायचा, यावर मंत्र्यांचे एकमत नव्हते. हेसने ड्यूकला पत्र लिहिले होते आणि त्यांची गाठभेट झाली होती, असे सुरुवातीला सरकारी बाजूकडूनच सूचित झाले. दहा-बारा दिवसांनी, २२ मे रोजी हवाईमंत्री सिंक्लेअर यांनी सभागृहात खुलासा केला : ड्यूकचा हेसशी पत्रव्यवहार नव्हता, परिचय नव्हता आणि त्यांचे वर्तन सर्वथा निष्कलंक होते. तोवर जनमानसात चित्र पक्के झाले होते. लष्करी गणवेशातील अधिकारी म्हणून त्यांना जाहीरपणे बोलता येत नव्हते. हाउसहोफर यांच्या पत्राची हकिगत गुप्तचर खात्याच्या कागदांत अडकलेली होती, म्हणजे निर्दोषत्वाचा सर्वांत सबळ पुरावा दाखवण्याचीच सोय नव्हती. कम्युनिस्ट पक्षाच्या एका पत्रकाने त्यांना नाझींचे मित्र म्हटले, तेव्हा त्यांनी अब्रुनुकसानीची कारवाई केली आणि अखेर आरोप मागे घेण्यात आले.

मॉस्कोत संशय अधिकच खोल होता. हेसच्या आगमनानंतर सहा आठवड्यांत जर्मनीने रशियावर हल्ला केला. त्यामुळे ब्रिटन आणि जर्मनीत काही गुप्त समझोता शिजला असावा, असे स्टालिनला वाटत राहिले. ऑक्टोबर १९४४ मध्ये चर्चिल मॉस्कोस गेले असतानाही त्याने हा विषय काढला.

हेसच्या गुंत्यातील इतरांनी अधिक किंमत मोजली. अल्ब्रेख्त हाउसहोफर यांना हिटलरविरोधी कटाच्या संशयावरून पुन्हा तुरुंगात टाकण्यात आले आणि एप्रिल १९४५ मध्ये, बर्लिन पडण्याच्या अवघे काही दिवस आधी, गोळ्या घालण्यात आल्या. पुढल्या वर्षी त्यांच्या आई-वडिलांनी आत्महत्या केली. हेस १९८७ पर्यंत स्पांडाऊच्या तुरुंगात जगला. हॅमिल्टन यांच्या घरातही युद्धाने जागा रिकामी केली. चारही भाऊ हवाई दलात होते. धाकटे डेव्हिड, ज्यांनी १९४२ मध्ये माल्टाच्या लढाईत स्पिटफायरच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले होते, ते ऑगस्ट १९४४ मध्ये टेहळणीच्या उड्डाणावरून परतताना मारले गेले.

युद्धोत्तर काळात हॅमिल्टन यांचे आयुष्य सन्मानांनी भरलेले, पण शांत होते. लॉर्ड स्टुअर्डचे पद १९६४ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचे ते १९४८ पासून अखेरपर्यंत कुलपती होते. जून १९५३ मध्ये नव्या राणीच्या सन्मानार्थ एडिंबरोच्या सेंट जाईल्स चर्चमध्ये समारंभ झाला, तेव्हा स्कॉटलंडचा राजमुकुट वाहून नेण्याचा वंशपरंपरेचा मान त्यांनी बजावला. त्याच्या महिनाभर आधी तेनसिंग आणि हिलरी पायी एव्हरेस्टवर पोहोचले होते. ३० मार्च १९७३ रोजी एडिंबरो येथे त्यांचे निधन झाले.

हेस प्रकरणावर त्यांनी स्वतः फारसे लिहिले नाही. ते काम त्यांचे चिरंजीव जेम्स यांनी केले. १९७१ मध्ये, वडील हयात असतानाच, त्यांनी कागदपत्रांच्या आधारे ‘मोटिव्ह फॉर अ मिशन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि १९९० च्या दशकात दुसरे. मुलाने वडिलांची बाजू मांडावी, यात पक्षपात गृहीत धरावा लागतो. पण पुढे खुल्या झालेल्या सरकारी दप्तरांनी त्यांच्या मुख्य निष्कर्षांना धक्का दिलेला नाही. तरीही ‘ड्यूकने आमंत्रण दिले होते’ अशी पुस्तके निघत राहिली. याच जेम्स यांना १९९४ मध्ये काकांकडून अर्लचा किताब वारसाने आला, तेव्हा सामान्य सभागृहातील जागा टिकवण्यासाठी त्यांनी तो सोडून दिला. वडिलांना १९४० मध्ये असा पर्याय नव्हता.

डन्गॅवेल हाऊस युद्धानंतर घराण्याने विकले आणि कुटुंब पूर्व लोदियनमधील लेनॉक्सलव्ह येथे गेले. अंधारात हेस ज्या घराचा शोध घेत होता, ते पुढे तुरुंग झाले. २००१ मध्ये त्याचे रूपांतर, परवानगीविना देशात आलेल्या परदेशी नागरिकांना परत पाठवण्यापूर्वी अडकवून ठेवण्याच्या केंद्रात झाले.